ठासणीच्या रायफलीवरील नेमदर्शक : घरगुती कारागिरी, प्रमाणीकरण आणि सत्ता

प्रास्ताविक

शस्त्रांच्या इतिहासात तोफा, किल्ले, दारूगोळा आणि सैन्यरचना यांना जितके स्थान मिळाले, तितके शस्त्राच्या लहान अवयवांना मिळाले नाही. बंदुकीच्या नळीवर बसविलेला बोटाच्या पेराएवढा एक धातूचा तुकडा इतिहासाच्या दृष्टीने बोलका असू शकतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. नळीच्या टोकावरील उंचवट्यास मराठीत ‘माशी’ म्हणतात. डोळ्याकडील बाजूस असलेली खाच आणि ही माशी एका रेषेत आणून नेम धरला जातो. या दोहोंना मिळून प्रस्तुत लेखात ‘नेमदर्शक’ ही संज्ञा वापरली आहे.

ज्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक होय. अशा बंदुकीच्या नळीत पिळदार खाचा पाडल्या म्हणजे ती ठासणीची रायफल होते. या रायफलीवर वर-खाली व डावी-उजवीकडे सरकविता येणारा नेमदर्शक कसा घडविला गेला, तो कोणी घडविला, आणि त्याच्या घडणीचे ज्ञान कोणाच्या हाती राहिले, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. अमेरिकेतील सरहद्दीवरच्या लोहाराची कार्यशाळा, इंग्लंडमधील एनफिल्डचा सरकारी कारखाना आणि १८५७ नंतरचे हिंदुस्थानी सैन्य अशी या विषयाची तीन स्थळे आहेत. ही स्थळे परस्परांपासून दूर असली तरी त्यांना जोडणारा धागा एकच आहे. नेम दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो धागा होय.

नेमदर्शकाची आवश्यकता

अठराव्या शतकातील युरोपीय पायदळाच्या बंदुकीला खऱ्या अर्थाने नेमदर्शक नव्हता. ‘ब्राऊन बेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बंदुकीच्या नळीवर संगीन अडकविण्यासाठी जो खुंट असे, तोच माशीचे काम करी. मागील खाच नव्हतीच. याचे कारण कारागिराचे अज्ञान नव्हते. गुळगुळीत नळीतून सुटणारी सैल गोळी शंभर यार्डांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नसे. जेथे गोळीच नेमकी जात नाही तेथे नेमाचे साधन नेमके करून काही उपयोग नव्हता. त्या काळची युद्धपद्धती एकेका शिपायाच्या नेमावर अवलंबून नव्हती. ती रांगेने एकदम झाडलेल्या फैरीवर उभी होती.

हिंदुस्थानातील तोड्याच्या बंदुकांची घडण या बाबतीत निराळी होती. त्यांपैकी अनेकींच्या मुखाशी मण्यासारखी माशी आणि मागील बाजूस खाच असलेला ठोकळा किंवा डोळा लावून पाहण्याचे छिद्र आढळते. नळीही पुष्कळदा लांब असे. म्हणजे एकेकट्याने नेम धरून मारण्याची परंपरा येथे होती आणि तिला अनुरूप साधनही कारागीर बसवीत होते. तथापि हे नेमदर्शक स्थिर असत. अंतर वाढले की माशी निशाणाच्या किती वर धरावयाची हे बंदूकधाऱ्याच्या अनुभवावर सोडलेले असे.

नळीत पिळदार खाचा पाडण्याची कला युरोपातील जर्मन प्रदेशांत सोळाव्या शतकात प्रचलित झालेली होती. पिळामुळे गोळीला स्वतःभोवती गती मिळते आणि तिचा मार्ग स्थिर राहतो. असे झाल्यावर मात्र नेमदर्शकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. गोळी एकाच ठिकाणी वारंवार जाऊ लागली की ती जेथे जाते ते ठिकाण आणि जेथे जावयास हवे ते ठिकाण यांतील फरक मोजता येतो. जो फरक मोजता येतो तो दुरुस्तही करता येतो.

लोहाराच्या कार्यशाळेतील नेमदर्शक

जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विद्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात नेली. तेथे आखूड व जाड नळीच्या शिकारी रायफलीचे रूपांतर लांब, सडपातळ, अष्टकोनी नळीच्या रायफलीत झाले. या रायफलीची नळी अनेकदा ४२ इंचांहून अधिक लांब असे. १४ जून १७७५ रोजी अमेरिकी काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया, मेरिलँड व व्हर्जिनिया येथून रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारण्याचा ठराव केला. या तुकड्यांतील माणसे बव्हंशी शिकारीच्या सवयीतून तयार झालेली होती.

या रायफलींचे नेमदर्शक साधे, ठेंगणे आणि हाताने केलेले असत. नळीच्या वरच्या पैलूवर तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद अशी आडवी खाच कानशीने पाडली जाई. त्याच आकाराची तळपट्टी असलेला लोखंडी तुकडा त्या खाचेत बाजूने ठोकून बसविला जाई. त्याच्या माथ्यावर पातळ कानशीने बारीक खाच पाडली की मागील नेमदर्शक तयार होई. पुढील माशी पितळेची किंवा चांदीची असे. अंधूक उजेडात काळ्या नळीवर ती चटकन डोळ्यांत भरावी हा त्यामागील हेतू होता.

वरवर पाहता हा नेमदर्शक स्थिर वाटतो; परंतु प्रत्यक्षात तो दुरुस्त करण्याची सोय त्याच्या घडणीतच होती. मागील तुकडा पितळी खिळ्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन डावी-उजवीकडे सरकविता येई. गोळी ज्या बाजूस न्यावयाची त्याच बाजूस मागील खाच सरकवावयाची, आणि माशी सरकवावयाची झाल्यास विरुद्ध बाजूस सरकवावयाची, हा नियम होता. उंचीसाठी कानस वापरली जाई. माशी प्रथम मुद्दाम उंच ठेवली जाई. त्यामुळे सुरुवातीच्या गोळ्या निशाणाच्या खाली लागत. मग माशी थोडीथोडी कानसून प्रत्येक वेळी बार काढून पाहिला जाई. माशी खाली आली की गोळी वर चढे. मात्र कानसलेला धातू परत जोडता येत नाही. यामुळे या कामात उतावीळपणाला जागा नव्हती.

या कृतीमागे साध्या समरूप त्रिकोणांचे गणित आहे. समजा माशी व मागील खाच यांतील अंतर ७५ सेंटिमीटर आहे आणि ५० मीटरवरील निशाणावर गोळी १० सेंटिमीटर खाली लागते. माशीची उंची किती कमी करावयाची? ७५ला १०ने गुणून ५,००० सेंटिमीटरने भागले असता ०.१५ सेंटिमीटर, म्हणजे दीड मिलिमीटर, हे उत्तर मिळते. लोहाराने हे गणित कागदावर मांडले असेलच असे नाही. परंतु त्याचा हात ते करीत होता. सिद्धान्त पुस्तकात येण्यापूर्वी तो हातात असतो, याचे हे एक उदाहरण होय.

येथे एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. हाताने घडविलेल्या प्रत्येक रायफलीची नळी, तिचा पिळ, तिला मानवणारे दारूचे प्रमाण आणि गोळीभोवती गुंडाळावयाच्या चिंधीची जाडी ही सारी निराळी असत. चिंधीला लावावयाची चरबी किंवा तेलही बंदूकधारी स्वतःच निवडी. त्यामुळे एका रायफलीचा नेमदर्शक दुसरीला जसाच्या तसा लागू पडत नसे. ‘इतक्या अंतराला इतकी उंची’ असा आकडा कोणालाही बाहेरून देता येत नव्हता. तो आकडा ज्याच्या त्याने बार काढूनच शोधावयाचा होता. घरगुती नेमदर्शक हा गरिबीतून आलेला पर्याय होता असे मानणे म्हणूनच अपुरे ठरेल. त्या व्यवस्थेत तोच एक शास्त्रशुद्ध पर्याय होता.

स्थिराकडून चलाकडे

अंतर बदलले की उंची बदलावयास हवी, ही गरज एकोणिसाव्या शतकात अधिक तीव्र झाली. इझिकिएल बेकर याची रायफल १८०० साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारली आणि पुढे इंग्रजी रायफलींवर एक उभी व एक दुमडती पाती अशी व्यवस्था रूढ झाली. जवळच्या पल्ल्यास पहिली आणि दूरच्या पल्ल्यास दुसरी. अमेरिकेत सेंट लुईस येथील जेकब व सॅम्युअल हॉकेन या बंधूंच्या रायफली पश्चिमेकडील शिकाऱ्यांत प्रसिद्ध होत्या. शिंगांसारख्या वळलेल्या बाजूंचा मागील नेमदर्शक या काळातील रायफलींवर दिसू लागतो.

घरगुती कारागिरीत चल नेमदर्शकाचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला पायऱ्यांचा. मागील नेमदर्शक लवचिक पोलादी पट्टीचा असतो आणि तिच्याखाली पायऱ्या पाडलेली पाचर पुढे-मागे सरकविली की पट्टी वर उचलली जाते. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडाही या कामी चालतो. दुसरा मळसूत्राचा. येथे पाचरीऐवजी पट्टीतून जाणारा बारीक मळसूत्री खिळा असतो. त्याच्या एका फेऱ्याने पट्टी ठराविक उंची चढते. फेऱ्याला अर्धा मिलिमीटर असे मळसूत्र घेतले आणि वरील उदाहरणातील ७५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एका पूर्ण फेऱ्याने ५० मीटरवर गोळी सुमारे ३.३ सेंटिमीटर वर जाते. पाव फेऱ्याने एक सेंटिमीटरहूनही कमी. हातोडी आणि कानस यांना जी सूक्ष्मता साधण्यास कौशल्य लागे, ती मळसूत्रामुळे यंत्रात उतरली. शिवाय चूक झाल्यास मागे येता येऊ लागले.

तिसरा प्रकार छिद्राचा. नळीच्या मागे, दस्त्याच्या मनगटाजवळ, उभ्या दांडीवर सूक्ष्म छिद्राची चकती बसवितात. दांडीला मळसूत्र असल्याने चकती वर-खाली होते. या प्रकाराचा लाभ दुहेरी आहे. एक तर माशी व छिद्र यांतील अंतर वाढते आणि त्यामुळे नेमातील चूक घटते. दुसरे असे की मानवी डोळा जवळची खाच, हातभर दूरची माशी आणि दूरचे निशाण ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. छिद्रातून पाहताना प्रकाशाचा झोत अरुंद होतो आणि माशी व निशाण दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात. वय वाढून जवळची दृष्टी मंदावलेल्या माणसाला हा प्रकार विशेष उपयोगी पडतो.

या छिद्रदर्शकाला पुढे व्हर्नियर मापपट्टीची जोड मिळाली. पिएर व्हर्नियर याने १६३१ साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती मूळची कोनमापनाच्या उपकरणांसाठी होती. तीच अडीचशे वर्षांनंतर रायफलीवर आली. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे अमेरिकी व आयरिश संघांत ८००, ९०० व १,००० यार्डांवर स्पर्धा झाली. आयरिश खेळाडूंकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे मागून भरावयाच्या रेमिंग्टन व शार्प्स रायफली होत्या. निकाल ९३४ विरुद्ध ९३१ असा अवघ्या तीन गुणांनी अमेरिकेच्या बाजूने लागला. ठासणीची रायफल लष्करातून हद्दपार होत असतानाही अचूकतेत ती मागे पडलेली नव्हती, हे या आकड्यांवरून दिसते.

दुर्बिणीचा प्रयोगही ठासणीच्या काळातच झाला आणि त्याचा एक धागा मुंबई इलाख्याशी जुळतो. मुंबई सैन्यातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने हिंदुस्थानात असताना शिकारी रायफलीवर दुर्बीण बसविण्याचे प्रयोग केले. पुढे त्याच्या पद्धतीची दुर्बीण व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलीवर बाजूने बसविली गेली आणि अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ती वापरली. उत्तरेच्या बाजूने १८६१ साली हायरम बर्डन याने उभारलेल्या नेमबाजांच्या पलटणींत प्रवेशासाठी २०० यार्डांवरून दहा गोळ्या मारावयाच्या आणि केंद्रापासूनचे त्यांचे सरासरी अंतर पाच इंचांहून अधिक भरू द्यावयाचे नाही, अशी कसोटी होती. अनेक उमेदवार स्वतःच्या रायफली घेऊन आले होते. त्यांचे नेमदर्शक त्यांनी स्वतःच्या डोळ्यास व दारूस अनुसरून बसविलेले होते. सरकारी सैन्यात खाजगी कारागिरीला मिळालेली ही शेवटची मोठी संधी म्हणावी लागेल.

एनफिल्डची शिडी

फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिए याच्या पोकळ बुडाच्या लांबट गोळीमुळे १८४९ नंतर परिस्थिती पालटली. ही गोळी नळीत सैल जाई आणि बार होताच फुगून पिळदार खाचांत बसे. त्यामुळे रायफल ही निवडक नेमबाजांपुरती न राहता सामान्य शिपायाचे शस्त्र होऊ शकली. ब्रिटिशांची १८५३ सालची एनफिल्ड रायफल या बदलाचे फलित होय. तिची नळी ३९ इंच लांब व ०.५७७ इंच व्यासाची असून तीत तीन पिळदार खाचा होत्या.

तिच्या नळीवरील मागील नेमदर्शक शिडीच्या आकाराचा होता. आडव्या अवस्थेत त्याची सरकती पट्टी पायऱ्यांवर चढवून १०० ते ४०० यार्डांपर्यंतची उंची मिळे. त्यापुढील पल्ल्यासाठी शिडी उभी करून पट्टी ९०० यार्डांच्या खुणेपर्यंत सरकविता येई. सर्व आकडे कारखान्यातच कोरलेले असत. एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने १८५५ नंतर अमेरिकेतून यंत्रसामग्री आणून सुट्या भागांची अदलाबदल होऊ शकेल असे उत्पादन सुरू केले. म्हणजे ज्या देशात नेमदर्शक लोहाराच्या शेगड्यात घडत होता, त्याच देशाच्या यंत्रांनी तो एकसारखा केला.

कारखान्यात आकडे कोरणे शक्य का झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. पाचशे यार्डांची खूण खरी ठरावयाची तर प्रत्येक बारात दारू तितकीच, गोळी त्याच वजनाची, आणि गोळीवरील कागद व वंगण तेच असावयास हवे. शिडीवरील प्रत्येक आकडा काडतुसाचे प्रमाणीकरण गृहीत धरतो. काडतूस आणि नेमदर्शक या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. एकाच व्यवस्थेची ती दोन टोके आहेत. सरहद्दीवरच्या शिकाऱ्याला चिंधीस कोणती चरबी लावली आहे हे ठाऊक असे, कारण ती त्यानेच लावलेली असे. प्रमाणित काडतूस वापरणाऱ्या शिपायाला मात्र ते दुसऱ्याच्या शब्दावर स्वीकारावे लागे.

या नेमदर्शकाचा वापर शिकविण्यासाठी १८५३ साली इंग्लंडमध्ये हाईद येथे बंदूकशाळा स्थापन झाली. एनफिल्डच्या गोळीचा मार्ग बराच कमानदार होता. दूरच्या पल्ल्यास शिडी लावली असता वाटेतल्या माणसांच्या डोक्यावरून गोळी निघून जाई. त्यामुळे अंतर डोळ्याने अचूक ओळखणे हे शिक्षणाचे मुख्य अंग ठरले. साधन प्रमाणित झाले, पण निर्णय अजून शिपायाच्या डोळ्यावरच अवलंबून होता.

१८५७ : काडतूस आणि शिडी

हिंदुस्थानात या रायफलीचे शिक्षण देण्यासाठी डमडम, अंबाला व सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथून काडतुसांच्या चरबीविषयीची वार्ता पसरली. पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. २९ मार्च रोजी बराकपूर, एप्रिलअखेर मीरतचे ८५ स्वार, आणि १० मे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतातही काडतुसांची हकीकत येते. काडतूस हे या उठावाच्या इतिहासलेखनातील मध्यवर्ती प्रतीक झाले आणि ते स्वाभाविकही होते.

तथापि एका तपशिलाकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जानेवारी १८५७ च्या अखेरीस सरकारने शिपायांना वंगण न लावलेली काडतुसे घ्यावीत आणि स्वतःच्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे अशी मुभा दिली. म्हणजे संकटाच्या क्षणी सत्तेने घरगुती पद्धतीचाच आश्रय घेतला. परंतु तोवर उशीर झाला होता. संशय चरबीवरून कागदावर गेला होता. ज्या व्यवस्थेत वस्तूच्या घडणीवर वापरणाऱ्याचा हात नसतो, तेथे ती वस्तू विश्वासावर चालते; आणि विश्वास आटला की एकट्या तांत्रिक दुरुस्तीने तो परत येत नाही.

काडतुसाविषयी इतके लिहिले गेले असता उठावानंतर नेमदर्शकाचे काय झाले हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उत्तर सरळ आहे. हिंदुस्थानी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची जी बंदूक तयार झाली ती बाहेरून एनफिल्डसारखीच दिसे. परंतु तिची नळी पिळाशिवाय, सुमारे ०.६५ इंच व्यासाची गुळगुळीत केलेली होती आणि मागील शिडी काढून तिच्या जागी खाच असलेला स्थिर ठोकळा बसविलेला होता. युरोपीय शिपायाच्या हाती ९०० यार्डांची शिडी आणि त्याच छावणीतील हिंदी शिपायाच्या हाती तीच लाकूडकाम असलेली, पण नेम बदलता न येणारी बंदूक, अशी ही रचना होती.

१८५९ च्या पील आयोगाने बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक युरोपीय आणि मुंबई व मद्रास येथे तिघांमागे एक असे प्रमाण सुचविले. तोफखाना, काही अपवाद वगळता, युरोपीयांच्या हाती ठेवण्यात आला. हे निर्णय इतिहासग्रंथांत येतात. नळीवरून काढून घेतलेली शिडी ही त्याच धोरणाची सर्वांत छोटी आणि रोज डोळ्यांसमोर असणारी खूण होती. पुढे हिंदी पलटणींना पुन्हा रायफली मिळाल्या, पण त्या ब्रिटिश पलटणींच्या एक पिढी मागे. त्यांना स्नायडर मिळाली तेव्हा ब्रिटिश पलटणींकडे मार्टिनी-हेन्री होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हेच धोरण नागरी जीवनात आणले. परवान्याची अट लादली गेली आणि युरोपीयांना सूट मिळाली. हा कायदा १९५९ च्या शस्त्र कायद्याने रद्द होईपर्यंत आठ दशके टिकला.

या काळात ग्रामीण भागात परवान्यावर टिकून राहिलेली ठासणीची बंदूक ही मुख्यतः पीकरक्षणाची बंदूक राहिली. कोकणात ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द आजही परिचित आहे. गुळगुळीत नळी आणि टोकावर एक माशी, एवढेच तिचे सामान्य रूप. रानडुकरांपासून शेत राखण्यास ते पुरेसे होते. परंतु नेम दुरुस्त करीत जाण्याची जी परंपरा इतरत्र वाढली, तिला येथे वाढण्यास अवकाश मिळाला नाही.

कारागिरीचे पुनरुज्जीवन

अमेरिकेत ठासणीची रायफल काळाबाहेर गेल्यानंतरही तिची कला पूर्णतः नष्ट झाली नाही. १९३३ साली तेथे ठासणीच्या रायफलधाऱ्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी तिचे स्पर्धांचे मैदान आहे. हौशी कारागिरांनी जुन्या पद्धतीने नळ्या, चाप आणि नेमदर्शक घडविण्यास प्रारंभ केला. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील वस्तुसंग्रहालयाने अठराव्या शतकातील हत्यारांनीच संपूर्ण रायफल घडविण्याचे काम १९६० च्या दशकात चित्रपटबद्ध केले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याहून उद्बोधक उदाहरण जॉर्जिया राज्यातील रेबन गॅप येथील शाळेचे आहे. तेथील विद्यार्थ्यांनी १९६६ पासून आपल्या डोंगराळ भागातील वृद्ध कारागिरांच्या मुलाखती घेऊन त्यांची कौशल्ये ‘फॉक्सफायर’ या नियतकालिकात नोंदविली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या मालिकेच्या पाचव्या खंडात लोहारकाम व चकमकीच्या रायफली यांची सविस्तर माहिती आहे. विद्यापीठीय इतिहासकारांनी ज्याकडे पाहिले नव्हते ते शालेय विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. घरगुती नेमदर्शक हा कारखानी नेमदर्शकाचा अप्रगत पूर्वज नव्हता. प्रत्येक शस्त्र निराळे असलेल्या व्यवस्थेत तो एकमेव अचूक उपाय होता आणि त्यामागे अनुभवसिद्ध गणित होते.

२. कारखानी नेमदर्शकावरील आकडे हे प्रमाणित काडतुसाशिवाय अर्थहीन आहेत. म्हणून १८५७ च्या संदर्भात काडतूस आणि नेमदर्शक यांचा विचार एकत्र केला पाहिजे.

३. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या बंदुकीवरून शिडी काढणे हा केवळ काटकसरीचा वा तांत्रिक निर्णय नव्हता. दूरचे पाहून नेम बदलण्याची क्षमता कोणास द्यावयाची, हे ठरविण्याचा तो राजकीय निर्णय होता.

४. साधन दुरुस्त करण्याचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या साधनाची सत्ता, हे सूत्र शस्त्रांपुरते मर्यादित नाही. नांगराचा फाळ, हातमागाचा धोटा किंवा तेलाचा घाणा यांच्या इतिहासालाही ते लावून पाहता येईल.

महाराष्ट्रातील लोहार, तांबट, शिकलगार आणि सुतार यांच्या पिढीजात हातांत अशा कितीतरी दुरुस्त्यांचे ज्ञान साठलेले आहे. ते लिखित नसल्याने अभिलेखागारात सापडणार नाही; कार्यशाळेत जाऊन, हात चालताना पाहूनच ते टिपावे लागेल. इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात या क्षेत्राला स्थान दिले, तर स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला ठोस सामग्रीची जोड मिळेल. वस्तूही साक्ष देतात. मात्र त्यांची भाषा जाणणारा कारागीर हयात आहे तोवरच ती साक्ष पुरतेपणी नोंदविता येते.